आदळआपट

बायकोच्या हातून पहिला कप फुटला तेव्हा मी पेपरातून मान वर केली नाही. दुसरा फुटला तेव्हा म्हणालो, "झालं सुरू."

गिरगावातल्या चाळीतून मीरा रोडला, पेणकरपाड्याजवळच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये येऊन आम्हाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. मी स्वतःच्या मालकीच्या दोन खोल्यांवर बेहद्द खूष होतो. तिला यायचं नव्हतं. चाळीत तिची ब्लाउज शिवून घेणारी गिऱ्हाइकं होती, हाकेच्या अंतरावर बहीण होती. इथे पाणी टँकरचं, वीज स्वतःच्या मर्जीने येणारी आणि समोरच्या गुजराती बाईशी बोलायचं तर हिंदीत. म्हणून तिच्या हातून वस्तू पडायला लागल्या तेव्हा मला त्याचा अर्थ लगेच लागला. बाईसाहेब रुसल्या होत्या.

हा अर्थ लावायचं शिक्षण मला लहानपणीच मिळालं होतं. चाळीत कुणाच्या घरात बिनसलंय ते भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. बाई तोंडाने काही बोलायची नाही, पातेलं ओट्यावर आपटायची. त्यावर पुरुषाने काय करायचं तेही ठरलेलं होतं, लक्ष द्यायचं नाही. माझी आई आपटायची, वडील गप्प बसायचे आणि चार दिवसांनी घर शांत व्हायचं. तुला काय झालंय, असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. मीही वडिलांचाच मुलगा. मी अबोला धरला.

अबोल्यात मी पटाईत होतो. दहा वर्षांची मुलगी मधे होती, तिच्यामार्फत सगळा कारभार चालायचा. "आईला सांग, चहा झाला का." आई दोन हातांच्या अंतरावर उभी असायची, पण निरोप मुलीकडूनच जायचा. चार दिवस झाले, चार आठवडे झाले, भांडी पडायची काही थांबेनात. मग मी काचेचे कप काढून टाकले, स्टीलचे आणले आणि ते ओट्यावर मांडून कितीतरी दिवसांनी तिच्याशी थेट बोललो, "घे. आता आपट हवं तेवढं."

"अहो, मी आपटत नाही हो," ती म्हणाली. "सुटतं हातातून."

"बाकीच्या बायकांच्या हातून का नाही सुटत?"

 याचं उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणून तर मी विचारलं.

हळूहळू तिची चालही बदलली. पाय फाकवून, धप्प धप्प टाकत चालायची. मला वाटलं, आता पायही आपटायला लागली. सकाळी शाळेत जायच्या आधी मुलगी तिच्या ब्लाउजचे हुक लावून द्यायची. ते पाहून मी म्हणालो, "वा, राणीसाहेबांना दासी मिळाली." एकदा तिने मला सांगितलं, "मान खाली घातली ना, की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. पार पायापर्यंत." त्या दिवशी नेमकी वीज गेलेली होती. मी म्हणालो, "मग होल्डरला हात लाव, निदान बल्ब तरी पेटेल." मुलगी हसली. तीही हसली. तिच्या त्या हसण्याची मला आज शरम वाटते.

इथेही तिने पाच-सहा गिऱ्हाइकं जमवली होती. ती एकेक करून गेली. तिचं मशीनवरचं काम बरं होतं, पण हुक आणि हातशिलाई वाकडी पडू लागली. उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा उसवायची. पूर्वी बोलता बोलता सुईत दोरा ओवणारी ही बाई खिडकीशी उभी राहून अर्धा अर्धा तास त्या नेढ्याशी झटायची. मी पलंगावरून सल्ला द्यायचो, "काम मन लावून करावं." असं दीड वर्ष चाललं. दीड वर्ष म्हणजे किती, हे मला नीट माहीत आहे, कारण या काळात मुलीच्या दोन वार्षिक परीक्षा झाल्या.

मग एका रविवारी दुपारी समोरची गुजराती बाई हातात एक चप्पल घेऊन दारात आली. म्हणाली, "भाईसाब, भाभी की चप्पल नीचे ही छूट गई. उनको मालूमच नहीं पड़ा."

मी हसून म्हणालो, "गुस्से में ध्यान नहीं रहता उनका."

"कौन सा गुस्सा?" ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "पहले उनका पैर तो देखो."

जिन्यावर पहिल्या मजल्यापासून आमच्या दारापर्यंत रक्ताचे ठसे होते. बायको आत गॅसपाशी उभी राहून भाजी परतत होती आणि तिच्या तळव्यात बाटलीची काच रुतलेली होती. "अगं, पायाला काय झालंय?" मी विचारलं. तिने खाली पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, कधी लागलं?" तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

स्टेशनजवळच्या आमच्या डॉक्टरांनी काच काढली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय ताडकन उडाला, आणि त्यांनी आम्हाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एमआरआय झाला. मानेच्या सर्जननी ती फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. मणक्यांच्या मधून जाणारा मज्जारज्जू चार ठिकाणी चेपला होता. "हात आणि पाय चालवणारी मेन लाइन आहे ही," डॉक्टर म्हणाले. "हातातून वस्तू पडतात ना?"

"पडतात," ती म्हणाली.

"कधीपासून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मान वळत नव्हती म्हणून अख्खी खांद्यांसकट वळली. समोर सर्जन होते, दोन शिकाऊ डॉक्टर होते, नर्स होती. सगळे माझ्याच उत्तराची वाट बघतायत असं मला वाटलं.

"दोन महिने झाले असतील," मी म्हणालो.

शिकाऊ डॉक्टरने ते लिहून घेतलं. सर्जन खूष झाले. "म्हणजे वेळेत आलात. मज्जारज्जू वर्ष-दीड वर्ष दबून राहिला असता तर मोकळा करूनही गेलेलं परत आलं नसतं. दोनच महिने असतील तर हात बऱ्यापैकी येईल."

मग त्यांनी दोन मार्ग सांगितले. एकात मणक्यांच्या मागच्या कमानी काढून टाकायच्या आणि मान सळ्यांनी पक्की करायची. पण मग ती मान फारशी वळणार नाही, वाकणार नाही. दुसऱ्यात कमान एका बाजूने कापायची, दुसऱ्या बाजूने बिजागरीसारखी ठेवायची आणि दार किलकिलं करतात तशी उघडून तिथेच टाके घालून अडकवायची. मज्जारज्जूला जागा मिळते आणि मानही हलती राहते.

"खाली मान घालून मशीनवर बसता येईल?" तिने विचारलं.

"येईल."

"मग तेच करा." मला न विचारता तिने घेतलेला हा पहिलाच निर्णय असावा.

परतताना स्टेशनवरून आम्ही रिक्षा केली. ती हळूच म्हणाली, "अहो, दोनच महिने झाले असतील का हो? मला तर जास्त वाटतंय."

तेव्हा खरं बोलता आलं असतं. रिक्षात आम्ही दोघंच होतो, लाज वाटायला ओळखीचं तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "त्याआधी एवढं काही नव्हतं. तुझ्या मनाचे खेळ होते."

तिने थोडा विचार केला आणि ते मानलं. दीड वर्ष स्वतःच्या हातांनी भोगलेलं तिने माझ्या एका वाक्यावर खोटं ठरवलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

ऑपरेशन चांगलं झालं. काही आठवडे गळ्यात पट्टा होता, मग तो निघाला. चाल सुधारली, धप्प धप्प थांबलं. मान तर अशी छान हलायला लागली की ती बाल्कनीत उभी राहून खालच्या टँकरपासून वरच्या टाकीपर्यंत सगळं बघायची. मी घरात तिच्याशी गोड बोलायला लागलो होतो, पाण्याच्या बादल्या मीच वर आणायचो. मुलगी सुईत दोरा ओवून द्यायची आणि ही मान खाली घालून बसायची. सुई दोन टाके जायची आणि बोटांतून गळायची. रोज संध्याकाळी ती चेंडू दाबायचा व्यायाम करायची. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायची, "दिवाळीनंतर टाका. डॉक्टर म्हणालेत हात येणार. दोनच महिन्यांचं तर होतं." हे ती माझ्यासमोर सांगायची आणि मी पेपर वाचत असायचो.

सहा महिन्यांनी दाखवायला गेलो. सर्जननी मान वर करायला लावली, खाली करायला लावली, डावीकडे, उजवीकडे. आपल्याच कामावर ते इतके खूष झाले की बाहेरून आणखी दोन विद्यार्थ्यांना बोलावून त्यांनी तिला पुन्हा सगळं करायला लावलं. मग घड्याळ बघून म्हणाले, "आता मूठ झरझर उघडा, मिटा." दहा सेकंदांत विसेक वेळा व्हायला हवी होती. अकराव्या खेपेला बोटं वाकडीच राहिली.

त्यांनी फाइल उलटून पाहिली, पुन्हा पाहिली. "दोन महिन्यांची हिस्ट्री आहे. मग हात एवढा मागे राहायला नको होता." ते तिच्याकडे वळले. "बाई, खरं सांगा, आधीपासून होत होतं ना? तुम्ही बायका सगळं अंगावर काढता. वेळेवर नवऱ्याला सांगायला काय होतं? आता जेवढा आलाय तेवढाच हा हात."

तिने मान वळवली. नुसती मान, खांदे होते तिथेच राहिले. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता. मी काहीतरी बोलेन अशी तिची खात्री होती.

"मीही हिला तेच म्हणत असतो, डॉक्टर," मी म्हणालो.

ती आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान सरळ केली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हो, सांगायला हवं होतं." डॉक्टरांनी ते फाइलवर लिहून घेतलं.