लई होमली

माझ्या बायोडेटात 'होमली' हा शब्द मध्यस्थ मावशींनी घालायला लावला. इकडं तो प्रत्येक मुलीच्या बायोडेटात असतो. घर सांभाळणारी, घरात रमणारी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही इंग्रजी घेऊन. अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ वेगळा होतो, हे मला माहीत होतं. पण आपल्याकडं अमेरिकेहून कोण येतंय, म्हणून लिहून टाकला.

आली ना. स्थळ सोलापुरातल्याच जुळे सोलापूर भागातलं, मुलगा बँकेत, आणि त्याची वहिनी नेमकी अमेरिकेहून सुट्टीला आलेली. बघायला आले तेव्हा कागद वाचता वाचता तिनं ओठ दाबले, दिराला कोपरानं ढोसलं आणि गोड आवाजात माझ्या वडिलांना विचारलं, "काका, मुलगी होमली आहे म्हणे?"

"व्हय की!" चिंचोळीच्या कारखान्यात हयात गेलेले अण्णा खुलले.

"किती होमली?"

"लई होमली! अख्ख्या गल्लीत अशी न्हाय मिळायची!"

वहिनी ओढणीत तोंड लपवून हसली. मुलगा हसला. पाहुणे हसतायत म्हणून अण्णाही हसले. सगळ्यात मोठ्यानं तेच.

संध्याकाळी होकाराचा फोन आला. अण्णा पेढे आणायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, "मला हे स्थळ नको."

"का? काय वाकडं हाय त्यात?"

मग सांगितलं. होम म्हणजे घर. त्यावरून होमली, म्हणजे घरातलं. घरातलं म्हणजे साधं, बिनडामडौलाचं. आणि अमेरिकेत पोचेपर्यंत साध्याचं कुरूप झालं.

अण्णांची एक चप्पल पायात, एक बाहेर. "मंजी त्या बाईनं ते माझ्याच तोंडून वदवून घेतलं?"

"हो."

त्यांचा चेहरा उतरला. आता म्हणतील, गेलं उडत ते स्थळ. मला तेवढंच ऐकायचं होतं.

"मग खोटं काय बोलली ती?" अण्णा म्हणाले. "आरसा हाय की घरात. एवढं शिकलीस, त्यात बघायचं न्हाय शिकलीस?" आणि दुसरी चप्पल घातली.

मी त्यांच्या देखतच फोन लावला. वहिनीनंच उचलला. नाही म्हटल्यावर तिनं कारण विचारलं.

"मुलगा फार होमली आहे हो," मी म्हटलं. "तुमच्या तिकडच्या अर्थानं."

अण्णा दारातच उभे होते. आता त्यांना अर्थ माहीत होता. हसले मात्र नाहीत.