ताटलीतला गोटा

नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीसमोर एक बंद पडलेला कारखाना होता. त्याच्या गेटवर एक म्हातारे वॉचमन बसायचे. सकाळी बसमधून उतरलो की रोज दिसायचे. त्यांच्याजवळ कुत्र्याचं एक काळं पिल्लू होतं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीत ते त्याच्यासाठी दूध-भाकरी कुस्करायचे आणि मधोमध नदीतला एक मोठा गुळगुळीत गोटा ठेवायचे. पिल्लाला मग गोट्याभोवती फिरत, चाटत चाटत खावं लागे.

एकदा न राहवून मी विचारलं, "बाबा, गोटा कशाला?"

"लई घाई करतंय. पाच भावंडांत हुतं ना! भसाभसा गिळायचं अन् वकून टाकायचं. आता एकटंच हाय, तरी घाई जात न्हाई."

एवढं बोलून त्यांनी स्वतःचं फडकं सोडलं आणि अख्खी भाकरी उभ्या उभ्या संपवली. पिल्लू अजून चाटतच होतं.

मला हसू आलं. "अन् तुम्ही हो?"

ते फडकं झटकत राहिले. "कारभारीन हुती तवा अर्धी-अर्धीच वाढायची. 'ही चावा, मग दुसरी,' म्हनायची. आता माझ्या ताटात गोटा कोन ठिवनार?"

पुढे माझी नोकरी बदलली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सध्या बायको तिच्या आईच्या आजारपणासाठी शेवगावला गेली आहे. काल एकटाच जेवलो. पाच मिनिटांत ताट रिकामं झालं आणि बाबा आठवले. ती परवा येईल, मला ठाऊक आहे. तरी हात वाळेपर्यंत ताटावरून उठवलं नाही.