आलमपूरला, देवीशी भांडायला

ट्रिपची आयडिया माझीच होती. पुढे मी बऱ्याच जणींवर चिडणार आहे, म्हणून सुरुवात स्वतःपासून करते.

वर्षभर मला शक्तिपीठांचं वेड लागलंय. पॉडकास्ट, रील्स, दोन जाडजूड इंग्लिश पुस्तकं. आसामात कामाख्या देवीला पाळी येते, तिचं मंदिर तीन दिवस बंद ठेवतात आणि मग लाल कापडाचा तुकडा प्रसाद म्हणून वाटतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये रडले होते. मग कळलं की एक शक्तिपीठ आपल्या हैदराबादपासून फक्त चार-साडेचार तासांवर आहे, आलमपूरची जोगुळांबा. सतीचे वरचे दात तिथे पडले म्हणतात. दात! मी त्याच दिवशी ठरवलं, जायचं.

जामबागला आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहते. तिला सांगितलं तर म्हणाली, "चल की. पण एकटी नक्को, आम्ही पण येऊ लागलो." 'आम्ही' म्हणजे काकू, तिच्या भिशीतल्या तीन जणी आणि काकूची सून, माझी वहिनी. तिचं नाव रेवती ठेवते. खरं वेगळं आहे. हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं, तेव्हा तिने एवढी एकच अट घातली.

काकूने सगळ्यांना फोनवर सामानाची लिस्ट सांगितली. पाण्याच्या बाटल्या, टोपी, ओटीचं सामान. आणि आवाज खाली करून, "तारीख जवळ असली तर गोळी घे बाई, गाडीत घोटाळा नको." पाळी पुढे ढकलायची गोळी, ट्रॅव्हल किटमध्ये, सनस्क्रीनसारखी. मी तोंड उघडलं तर काकू म्हणाली, "तुझं पॉडकास्ट गाडीत सांग."

रविवारी सकाळी साडेपाचला निघालो. ड्रायव्हर यादगिरी अन्नांची दहा सीटची गाडी, दिवसभराचं भाडं सगळ्या बायकांत वाटलं तर हॉटेलातल्या एका जेवणाएवढं पडतं. रस्ता मस्त आहे. आरामघर, शमशाबाद, शादनगर करत सरळ बेंगळुरू हायवे, तीन-चार टोल, खड्डा शोधून सापडत नाही. जडचर्लाला कारम दोसा खा. लाल चटणी नाकातून पाणी काढते. काकूने घरून दशम्या आणि शेंगांची चटणी आणली होती, तरी दोसे सगळ्यांनी हाणले. वहिनीने खाल्ला नाही. तिच्या मांडीवर ओटीची पिशवी होती: हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. ती पिशवी खाली ठेवायला तयार नव्हती. मला वाटलं, गाडी लागत असेल.

जडचर्ल्यानंतर तासाभराने एका पेट्रोल पंपावर थांबलो. वहिनी टॉयलेटमधून आली, माझ्या कानाशी आली, म्हणाली, "मनवा, तुझ्याकडे पॅड आहे का?"

माझ्याकडे नव्हतं. आता इथे एका साध्या माणसाने काय केलं असतं? पंपाबाहेर समोरच मेडिकल होतं, जाऊन आणलं असतं. मी काय केलं? मी गाडीच्या दारात उभी राहून, छान मोकळ्या आवाजात विचारलं, "कोणाकडे पॅड आहे का? वहिनीला पाहिजे."

लाज कशाची, हे माझं तत्त्व. पण मी वहिनीच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही.

यादगिरी अन्ना भला माणूस, आरसा पुसायला खाली उतरले. कमलमावशी, भिशीतल्या सगळ्यात मोठ्या, हळूच म्हणाल्या, "अगं बाई. अडचण आली का?"

अडचण. ट्रॅफिक असल्यासारखं.

काकू म्हणाली, "गोळी नाही घेतलीस?"

वहिनी म्हणाली, "नाही."

"सांगितलं होतं की मी."

वहिनी समोरच्या मेडिकलमधून स्वतःच पॅड आणून, परत टॉयलेटला जाऊन आली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. काकूने हात पुढे करून तिच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि स्वतःच्या सीटखाली ठेवली. मग वहिनीला मागच्या सीटवर बसवलं, एकटीला. मी उठून तिच्या शेजारी बसले तर कमलमावशी म्हणाल्या, "आता तू पण शिवलीस. तू पण बाहेरच."

"चालेल," मी म्हणाले. आणि मग मी जी सुरू झाले ती कृष्णेच्या पुलापर्यंत थांबले नाही. कामाख्या, लाल कापड, देवीचं रक्त पवित्र, मग आपलं का नाही?

काकू शांतपणे म्हणाली, "ती देवी आहे. आपण देवी आहोत का?"

मला अजून यावर चांगलं उत्तर सापडलेलं नाही, म्हणून अजून राग येतो.

बीचुपल्लीला कृष्णेच्या काठावर दशम्या निघाल्या. वहिनीने चटणीच्या डब्याकडे हात नेला, तर काकूने डबाच उचलला आणि चटणी वरून टाकली. एक वीत उंचीवरून. अर्धी दशमीवर पडली, अर्धी साडीवर. वहिनी एम.कॉम. आहे, बँकेत आहे, रोज लोकांच्या लाखो रुपयांना हात लावते. चटणीला लावता येत नाही.

आलमपूर चौरस्त्याला डावीकडे वळायचं. तिथे उग्गानी-बज्जी मिळते, म्हणजे आपला भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला आणि वर मिरचीची भजी, जरूर खा. पुढे शेतं, आणि मग तुंगभद्रेच्या काठावर लालसर दगडाची जुनी देवळं, तेराशे वर्षांपूर्वीची. जोगुळांबेचं देऊळ त्यांच्या बाजूला, नवं बांधलेलं, भोवती पाणी खेळवलेलं. देवी फार उग्र आहे, ते पाणी तिला गार ठेवतं म्हणतात. केसांत विंचू, पाल, कवटी. प्रेतावर बसलेली.

हे सगळं मला बाकीच्यांनी येऊन सांगितलं. मी आत गेले नाही.

एक गोष्ट नीट लिहिते, कारण वाचून कोणीतरी देवळाला शिव्या देईल. दारात आम्हाला कोणी काही विचारलं नाही. ना पुजारी, ना शिपाई. वहिनीला अडवलं ते आमच्याच गाडीने. चौघी चपला काढून गेल्या, काकू ओटीची पिशवी घेऊन. जाताना म्हणाली, "तुझ्याच नावाने भरते गं. नीट भरते." तिचे डोळे भरले होते. ती दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं.

गाडी तापली होती. मी म्हणाले, "वहिनी, हे टू मच आहे. आपण जाऊ आत. मी आहे ना."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. ती लग्न होऊन घरात आल्यापासून तिचा आवाज मी असा ऐकला नव्हता.

"मी जाणारच होते, मनवा. गुपचूप. नेहमी जाते. तू ओरडली नसतीस तर आत्ता आत असते."

मी गाडीच्या दारावरचा हात मागे घेतला.

"अकरा दिवस वर गेले होते," ती म्हणाली. "कोणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या दादाला पण नाही. दोन वर्षं इंजेक्शनं, गोळ्या, सगळं चालू आहे. यावेळी वाटलं होतं. म्हणून ती पिशवी... आणि त्या पंपावर कळलं, नाही."

मला कुठे बघावं कळेना.

"आज तर मला जायचंच होतं. हात जोडायला नाही, भांडायला. आणि माझी ओटी दुसरी बाई भरू लागली."

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "सॉरी पण हळू म्हण."

बसून भाजण्यापेक्षा बाजूच्या म्युझियममध्ये गेलो. छोटं आहे, तिकीट किरकोळ, वेळ आधी विचारून जा. आत दगडी मूर्तींची गर्दी, आणि त्यात ती. लज्जागौरी. मी तिचे फोटो शंभर वेळा बघितलेत. दोन्ही पाय फाकवून बसलेली, बाळंत होणाऱ्या बाईसारखी, आणि मानेवर डोक्याच्या जागी कमळ. रखवालदार लांबूनच म्हणाला, "फोटो नक्को अम्मा."

वहिनी खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हिला तोंड नाही."

"तोंडाच्या जागी कमळ आहे," मी म्हणाले, पॉडकास्टच्या आवाजात. "म्हणजे ॲक्च्युअली ती क्रिएशनची..."

"तेच म्हणतेय. हिला कोणी विचारलं, आज कितवा दिवस, तर सांगताच येणार नाही." आणि माझ्याकडे बघून, "तू हिच्याकडून शिक."

बाहेर पायरीवर बसून तिने पर्समधून एक खारीक काढली. काकूने पिशवी घेण्याआधी काढून ठेवली होती. अर्धी मला दिली.

"देवीची आहे ना?"

"ती भरणार कोण होतं? मी. मग माझी."

परत निघालो. काकूने प्रसाद वाटला. वहिनीला कागदावर ठेवून दिला.

घरी आल्यावर मी चार दिवस काकूशी बोलले नाही. ऑफिसात, फोनवर, सगळीकडे ही गोष्ट चिडून सांगावीशी वाटायची, आणि प्रत्येक वेळी तोंड उघडताना पेट्रोल पंप आठवायचा. माझा राग मला पूर्ण वापरता येईना. हा सगळ्यात घाण प्रकार आहे.

महिनाभराने एका शनिवारी वहिनी खाली आली. "आलमपूरला येतेस? बसने." बॅगेत हिरवा खण मला दिसला. अफझलगंजजवळच्या मोठ्या बसस्टँडवरून कर्नूलची बस पकडली, चौरस्त्याला उतरून ऑटो. गाडीपेक्षा वेळ जास्त, पण खिडकी तुमची. माझ्या जिभेवर एक प्रश्न होता, महिन्याचा हिशेब करून आलेला. मी तो गिळला. पूर्ण रस्ता.

आत गेलो. देवी खरंच भीती वाटेल अशी आहे. वहिनीने स्वतःच्या हातांनी ओटी भरली, आणि मग उभी राहिली. मागच्या बायका ढकलू लागल्या तरी हलली नाही. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

नदीवर आल्यावर मी विचारलं, "भांडलीस?"

"हौ."

"काय म्हणालीस?"

"तुला सांगितलं तर गाडीभर होईल."

दोघी हसलो. मला थोडं रडू पण आलं.

संध्याकाळी जामबागला पोचलो. काकूने दार उघडलं. "कुठं होत्या गं दोघी?"

"शॉपिंग," मी म्हणाले. एवढी तत्त्वं असलेली मी, एका सेकंदात.

काकूने वहिनीच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं. मग आत जाऊन ताटं घेतली. भाकरी वाढताना हळूच म्हणाली, "तिथल्या ओल्या फरशीवरून पाय घसरतो. जपून गेलात ना? मी पडले होते एकदा, लग्नानंतर, देवी जुन्या देवळात होती तेव्हा. पोटात दुखत होतं त्या दिवशी, लक्ष नव्हतं."

पोटात दुखत होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती भाजी वाढत होती.

म्हणजे काकू पण गेली होती, पाळीतच, गुपचूप, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी. आणि तरी तिने चटणी वरून टाकली. मला इतका राग आला की हातातला घास मी परत ताटात ठेवला. वहिनीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. मग तिने स्वतःच हात लांब करून चटणीचा डबा घेतला, झाकण उघडलं, आणि आधी काकूला वाढली.

काकूने खाल्ली.