तिची बाजू झोपलेली होती

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. आता मला कुणी म्हटलं तर ऐकून घेईन... शिक्षण चौथी. एका बोटानं टाइप करून राहिलो, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

नांदेडला लोह्याच्या रस्त्याला माझं दोन खोल्यांचं घर. बायको, शांता, घरीच ब्लाउज शिवायची. जावयानं कॉम्प्युटर आणून दिला. मी कुठंबी बोट लावतो आन् व्हायरस आणतो, म्हणून तिनं भांडून त्याच्या दोन बाजू करून घेतल्या. तिची विंडोज, माझी लिनक्स. चालू केला की विचारतो, कोणती बाजू? तिच्या बाजूला पासवर्ड. मधला डी ड्राइव्ह तेवढा दोघांचा. बाजारात दुकानाबाहेरच्या पुतळ्यांवरच्या ब्लाउजचे गळे, बाह्या... फोटो काढायचो आन् माझ्या बाजूनं डीमधे टाकायचो. ती तिच्या बाजूनं उघडून बघायची.

"काका, पुतळीवर लाईन मारून राहिले का?" दुकानातली पोरं विचारायची.

"घरून परवानगी हाय," मी म्हणायचो.

मागच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरपुढून उठली. म्हणाली, "छातीत कसंतरी होऊन राहिलं, जरा दाखवून येऊ." परत आली न्हाई.

लई दिवसांनी सवयीनं एका गळ्याचा फोटो काढला. घरी आल्यावर ध्यानात आलं — कुणासाठी? तरी डीमधे टाकायला गेलो. जुनं सगळं दिसत होतं, पण नवीन काही घेईना. लातूरला जावयाला फोन लावला.

"मामा, मामींनी त्यांची बाजू बंद केली न्हाई, झोपवून ठेवली. आल्यावर तिथूनच पुढं काम करायचं असंल. ती उठून नीट बंद होईस्तोवर तुमच्या बाजूनं डीमधे काही टाकता येणार न्हाई."

"मग उठव."

"पासवर्ड कुणाला म्हैत? जबरदस्तीनं मोकळं करता येतं. पण त्यांनी उघडं ठेवलेलं काम जाईल."

"मग हात लावू नको."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. सगळे गेली गेली म्हणत होते, इथं तर ती नुसती झोपली होती. रोज जेवण झालं की तोच फोटो टाकून बघायचो. कॉम्प्युटर न्हाई म्हणायचा. मग मला झोप लागायची.

दिवाळीनंतर पोरगी मागं लागली. "बाबा, भिंतीशी बोलून राहिले तुम्ही. चला लातूरला." आठवडाभर गेलो. प्लग काढून ठेवला, घराला कुलूप, किल्ली माझ्या बंडीच्या खिशात. दुसरी किल्लीच न्हाई.

परत आलो. कुलूप जसंच्या तसं. प्लग लोंबत होता तसाच. लावला, माझी बाजू उघडली, फोटो टाकला —

गेला. डीमधे गेला.

पोरगी आन् जावई दोघं आले. जावयानं बघितलं. म्हणाला, "मामा, मामींची बाजू आतून नीट बंद केलीय. पासवर्ड टाकल्याशिवाय हे होत न्हाई."

पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हीच केलं का?"

"मला पासवर्ड म्हैत असता तरी मी ती बंद केली नसती," म्हणालो. ती रडायला लागली.

जावयाला प्लगचं सांगितलं तर त्यानं प्लग काढून उलटसुलट बघितला, परत लावला. कुणाला उलगडा होत असंल तर सांगा. मला भीती वाटत न्हाई. राग येतो. इतके महिने मी एक रात्रबी घर सोडलं न्हाई. एकदाच गेलो... आन् तेवढ्यात येऊन, काम उरकून ती निघून गेली. मी घरात असताना यायला काय झालं होतं?