ठगूचं माहेर

कलाबाईंचं सासर आणि माहेर यांच्यामध्ये एक बांध होता. मखमलाबादच्या शिवारात केरूअप्पांच्या मळ्यातून त्या लग्न होऊन निघाल्या आणि शेजारच्या मळ्यात आल्या. त्यामुळे माहेर कुठलं, असं त्यांना कुणी कधी विचारलंच नाही. झेंडू, शेवंती, मधूनमधून मेथी-कोथिंबीर, यात त्यांचा जन्म गेला. मोजकं बोलायच्या. त्यांची एकुलती एक लेक सुवर्णा नाशिकच्या फुलबाजारात बसायची. आईचं हे कमी बोलणं स्वभावातलंच आहे, असं ती धरून चालली होती.

दोन हजार तीन सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू तोडताना कलाबाईंचा पाय पाटाच्या चिखलात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वय सत्तरीला टेकलेलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. कलाबाई भुलीतून बाहेर येत असताना सुवर्णा उशाशी बसली होती. आई काहीतरी पुटपुटायला लागली, म्हणून तिनं कान जवळ नेला.

"माय, नवसी कोठे शे? ती रडी राहयनी."

आवाज आईचाच होता, पण असं बोलताना सुवर्णानं तिला बेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. शेजारच्या खाटेवर सटाण्याकडची एक बाई सुनेची सोबत करत होती. तिनं हसून विचारलं, तुमची आई आमच्या बागलाणातली का? सुवर्णा म्हणाली, नाही हो, इथलीच. त्या बाईनं मान हलवली. म्हणाली, हे शिकून येत नसतं, हे लहानपणीचं बोलणं आहे.

आई पूर्ण शुद्धीवर आल्यावर सुवर्णानं विचारलं, नवसी कोण? कलाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस लेकीशी धड बोलल्या नाहीत.

घरी आणल्यावर त्यांना महिनाभर पडून राहावं लागलं. उभ्या आयुष्यात त्या एवढ्या निवांत कधी पडल्या नव्हत्या. हाताला चाळा म्हणून सुवर्णा त्यांच्यापुढे फुलांची पाटी ठेवायची आणि त्या पडल्यापडल्या माळा ओवायच्या. तिनं पुन्हा विचारलं नाही. एका दुपारी कलाबाईंनीच सुई थांबवली.

"केरूअप्पा माझे जन्माचे बाप नव्हते," त्या म्हणाल्या. "माझं नाव ठगू होतं."

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. मोसम नदीच्या काठचं खडकवाडे गाव. पटकीच्या साथीत आई गेली, तान्हा भाऊ गेला. बाप दोघी पोरींना घेऊन चैत्राच्या यात्रेला वणीच्या गडावर आला. ठगू आठ वर्षांची, नवसी पाचाची. गडावर बापाला ताप भरला. तिथंच नाशिकचं एक नवरा-बायकोचं जोडपं उतरलं होतं, त्यांना मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठगू त्यांच्या बैलगाडीत बसून नाशिकला आली. बापानं तुला आम्हाला देऊन टाकलं, असं त्यांनी तिला सांगितलं. ती भाषा बोलू नको, लोक विचारतील, उद्या सोयरीक जमायची नाही, असंही बजावलं. वर्षभरात ठगूची कलावती झाली.

"मग एकदाही गेली नाहीस?"

"देऊन टाकलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं जायचं?" कलाबाई म्हणाल्या. "नवसीला ठेवलं ना बापानं. मलाच दिलं."

साठ वर्षांचा राग होता तो. त्या दिवसापासून सुवर्णाच्या मनाला चैन पडेना. आईची एक बहीण या जगात असेल, कदाचित शंभर किलोमीटरच्या आतच असेल. संक्रांतीनंतर बाजार जरा थंडावला तशी तिनं आईला सांगितलं की मी खडकवाड्याला जाऊन येते. कलाबाई हो म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "घर नदीकडच्या आळीला होतं."

सटाण्याला एसटी बदलून सुवर्णा दुपारी गावात उतरली. नवसाबाई कुठं राहतात म्हणून विचारलं, तर पहिल्याच माणसानं घर दाखवलं. ओट्यावर एक म्हातारी लसूण निवडत बसली होती. कपाळाची ठेवण, खाली ओढलेले ओठ, सगळं आईसारखं. सुवर्णा म्हणाली, "मी ठगूची लेक."

नवसाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्यांनी सुवर्णाचा हात जो धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून सुवर्णाला वाटलं, आत्ता उठावं आणि आईकडे पळत जावं.

बापानं ठगूला दिलंच नव्हतं. अंगात ताप, दोन पोरी, परतीची वाट पायी. थोरलीला वर्षभर सांभाळा, पुढच्या चैत्रात याच पायऱ्यांवर भेटू, असं त्या जोडप्याशी ठरलं होतं. धाकटी कमरेची मिठी सोडेना म्हणून ती राहिली. पुढच्या चैत्रात बाप गडावर गेला, पाच दिवस पायऱ्यांवर बसून राहिला. कुणी आलं नाही. असा तो अकरा वर्षं जात राहिला, मरेपर्यंत. नाशिकचा माणूस दिसला की विचारायचा. केरू नाव ठाऊक होतं, नाशिककडचं कुठलं गाव ते ठाऊक नव्हतं. नवसीचं लग्न करताना त्यानं जावई घरी आणला. म्हणायचा, ठगू कधीतरी येईल, घरात ओळखीचं माणूस पाहिजे.

सुवर्णाला आठवलं, सगळी भावकी वणीला जायची तेव्हा केरूआजोबा गुडघ्याचं निमित्त काढून घरी राहायचे.

परत आल्यावर तिनं आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. कलाबाईंनी एकच विचारलं, "अकरा वर्षं?" आणि रडायला लागल्या. आईला असं रडताना सुवर्णा पहिल्यांदाच बघत होती. केरूआजोबांचा संताप येऊन ती काहीबाही बोलली, तशी कलाबाईंनी डोळे पुसले.

"त्यांना वाईट म्हणू नको. खोटं बोलले, ते चुकलंच. पण मला तळहातावर वाढवलं त्यांनी. भ्यायले असतील. मी एकदा गेले असते तर परत आले नसते."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिकडच्या लेकी माहेरी जातात. नवसाबाईंचा मुलगा देवराम जीप घेऊन न्यायला आला. गाडी नदीवरून गेली तेव्हा कलाबाई म्हणाल्या, पाणी आटलं. घरासमोर उतरून काठी टेकत त्या दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. नवसाबाई ओट्यावरून खाली आल्या.

"ठगू, उनी का वं?"

"हां वं, नवसी," कलाबाई म्हणाल्या. "मीच शे."

पुढं दोघी काय बोलल्या ते सुवर्णाला निम्मंच कळलं. आईच्या तोंडून ती भाषा आधी अडखळत आली, मग घडाघडा यायला लागली. संध्याकाळी निंबाच्या झोक्यावर पोरींनी कलाबाईंना बसवलं, हलके झोके दिले आणि माहेराची गाणी म्हटली. एका गाण्याची दुसरी ओळ कलाबाईंनी आपणहून धरली. पोरी हसल्या, त्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पितरांच्या नावानं घागर भरायची होती. देवरामनं एकच नवी घागर आणली होती. कलाबाईंनी त्याला आणखी एक आणायला सांगितली. बापाच्या नावानं पहिली भरली, दुसरीत पाणी ओतताना म्हणाल्या, "ही केरूअप्पांची."

नवसाबाईंचा चेहरा आक्रसला. बापाला गडावरून रिकाम्या हातानं परतताना त्यांनी अकरा वेळा पाहिलं होतं. मग त्या आत गेल्या, दोन खरबुजं घेऊन आल्या आणि रीतीप्रमाणे एकेक दोन्ही घागरींवर ठेवलं.

सुवर्णा चार दिवसांनी एकटीच नाशिकला परतली. कलाबाई महिनाभर माहेरी राहिल्या.