घंटेआधीची माफी

लढाईच्या वर्षांत चौक गावाच्या किनाऱ्यावर आमच्या शेजारी जाळी विणणारा एक म्हातारा राहायचा. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेआधी तो पाण्याशी जायचा. ज्याच्याशी वाकडं आहे त्याची माफी मागितल्याशिवाय देवळात पाय ठेवू नये, असं त्याचं म्हणणं. त्याचं वाकडं होतं बुडून मेलेल्या भावाशी. तो भावाला हाक मारायचा, माफी मागायचा, कान देऊन ऐकायचा आणि मान हलवून देवळाकडे वळायचा. आम्हाला हसू यायचं.

एका रविवारी घंटा झाली तरी तो देवळाच्या पायरीवरच बसलेला.

"काका, आत चला की."

"आज त्यानंच माझी माफी मागितली."

"कशाची?"

"सांगितलं न्हाय." तो पाण्याकडे बघत होता. "माझ्या पोराची होडी आजून आली न्हाय."