मंगळवारचा फोटो

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालो आणि कोरमंगल्यातल्या एका कंपनीत लागलो. कंपनी प्रतिकारशक्ती वाढवणारी पूड विकायची. ‘तुमच्या पांढऱ्या पेशींना जागं करा’ ही पाकिटावरची ओळ माझी. त्या झोपतात असं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, पण पहिल्या नोकरीचे उपकार मोठे होते.

सोमवारी सकाळी सगळ्यांनी उभं राहून ती पूड कोमट पाण्यातून घ्यायची आणि टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत होती. एका सोमवारी टाळ्या वाजवतानाच मला हुडहुडी भरली. साहेबांनी दोन चमचे जास्त पाजले. मंगळवारी मी ठणठणीत.

“देखा? एक ही दिन में!” साहेबांनी माझा फोटो काढून जाहिरातीत टाकला. मी ऐटीत तो घरी पाठवला. बुधवारी परत ताप. गुरुवारी परत ठणठणीत.

माझी घरमालकीण बसवनगुडीतली जुनी मराठी अक्का. ती म्हणाली, “दिवसाआड थंडीताप म्हणजे हिवताप की रे! सरी, बरं, आधी रक्त तपासायला दे जा.”

“अक्का, पूड चालू आहे ना.”

“ती डासांना घाल.”

रक्तात हिवतापच निघाला. परजीवी तांबड्या पेशीत शिरून वाढतो. तिथे तो पांढऱ्या पेशींच्या सहज हाती लागत नाही. दिवसाआड त्या तांबड्या पेशी फुटतात, पांढऱ्या पेशी बाहेर पडलेल्या परजीवींवर तुटून पडतात, आणि त्या झटापटीत अंग तापतं. म्हणजे मी कुडकुडत होतो तेव्हा माझ्या पेशी लढत होत्या, आणि हसून फोटो देत होतो तेव्हा शत्रू आत निवांत वाढत होता. परीक्षेत हे मी पाच मार्कांना लिहिलं होतं.

गोळ्या सुरू केल्या त्याच दिवशी वडिलांचा फोन आला. “काकूला थंडीताप येतोय. तुझी पूड पाठव.”

“पूड नको. आजच दवाखान्यात न्या.”

“अरे, फोटोत तूच आहेस ना? शिकलेल्या माणसानं सांगितलंय म्हणून तर ती थांबलीय.”

मी लगेच तपासणीचा कागद त्यांना पाठवला, म्हटलं, मी खोटा ठरलो, तिला न्या. संध्याकाळी तिच्याही रक्तात तेच निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या. मग तोच कागद कंपनीच्या ग्रुपवर टाकला आणि जाहिरातीतला माझा फोटो काढून टाका म्हणून लिहिलं.

साहेबांनी ग्रुपमधून मला काढलं. फोटो अजून तसाच आहे.